डोल की इनोये: आधी कोणाचं चरित्र हाती घ्यावं?

युद्धातून राजकारणात आलेल्या अमेरिकी नेत्याचं एकच चरित्र वाचायचं असेल, तर बहुतेक जण जॉन मॅकेन सुचवतील. मी दोन वेगळी नावं पुढे करतो: कॅन्ससचे रिपब्लिकन बॉब डोल आणि हवाईचे डेमोक्रॅट डॅनियल इनोये.

दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं. एप्रिल १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपत आलेलं असताना, इटलीत दोघेही जबर जखमी झाले. डोल १४ तारखेला, इनोये २१ ला. इनोयेंचा उजवा हात कापावा लागला. डोल यांचा जागेवर राहिला, पण कायमचा निकामी. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या लष्करी इस्पितळात त्यांची गाठ पडली. तिथे डोल यांनी वकिली, राजकारण, वॉशिंग्टन असा बेत ऐकवला. इनोयेंनी तो उचलला आणि १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य होताच काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, गाठली. डोल पोचले १९६१ मध्ये!

वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय शोधत असाल तर डोळे मिटून इनोये घ्या. पर्ल हार्बरनंतर ज्यांच्याकडे शत्रू म्हणून पाहिलं गेलं, त्या जपानी वंशाच्या तरुणांच्या ४४२व्या तुकडीतला हा अधिकारी. निकामी झालेल्या उजव्या मुठीत अडकलेला ग्रेनेड त्यांनी डाव्या हाताने सोडवून फेकला. सर्वोच्च शौर्यपदक मात्र मिळालं २००० मध्ये. जवळजवळ ५० वर्षांची सिनेटमधली (संसदेच्या वरिष्ठ सभागृहातली) कारकीर्द त्यामानाने अबोल आहे. वॉटरगेट (निक्सन यांना भोवलेलं प्रकरण) आणि इराण-कॉन्ट्रा (रेगन काळातला गुप्त शस्त्रविक्रीचा घोटाळा) यांच्या चौकशीची प्रकरणं सोडली, तर हवाईसाठी निधी खेचून आणण्याचं शांत, चिवट काम. मला तिथे थोडा कंटाळा आला, हे कबूल करतो.

राजकारण कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर मात्र डोल. माणूस पटकन आवडत नाही. जीभ तिखट. १९७६ मध्ये उपाध्यक्षपदाच्या वादसभेत विसाव्या शतकातल्या युद्धांचं खापर त्यांनी डेमोक्रॅट पक्षावर फोडलं आणि ते अंगाशी आलं. १९९६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत क्लिंटनकडून हरले. पण कोणी हस्तांदोलनाला उजवा हात धरू नये म्हणून त्यात कायम पेन धरणारा हा माणूस सिनेटमधल्या पहिल्या भाषणात, १९६९ मध्ये, बोलला तो अपंगांविषयी. तारीख निवडली १४ एप्रिल. १९९०चा अपंग हक्क कायदा मंजूर होण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

माझं मत डोलना. त्यांच्या गोष्टीत हार जास्त आहे, म्हणून.

४ डिसेंबर २०१२ रोजी अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार सिनेटसमोर आला. भारताने तो २००७ मध्येच स्वीकारला होता. ८९ वर्षांचे डोल चाकाच्या खुर्चीत बसून हजर होते. बाजूने ६१, विरोधात ३८. करार मंजूर व्हायला लागणारे दोनतृतीयांश काही जमले नाहीत. विरोधातली मतं डोल यांच्याच पक्षाची, इनोयेंचं मत बाजूने. १७ तारखेला इनोये गेले. त्यांची शवपेटी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, ठेवली होती, तिथे डोल खुर्चीतून उठले, आधार घेत चालत गेले आणि त्यांनी सलाम केला. डाव्या हाताने.