'टू' लावायचं की 'आयएनजी'? आधी मराठी कानाला विचारा

इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की लिहिता हात थांबतो. 'टू गो' लिहू की 'गोइंग'? पहिलं इन्फिनिटिव्ह, दुसरं जेरंड. नावं शाळेतच पाठ होतात, पण ऐन वेळी नुसत्या नावांनी काम भागत नाही. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. माझा अनुभव असा, की जिथे दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ मात्र बदलतो, तिथे आपली मराठी अचूक वाट दाखवते. जिथे एकच रूप चालतं, तिथे तीच मराठी चकवते.

'शी स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे ती बोलायला थांबली. 'शी स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे ती बोलायची थांबली. 'बोलायला' आणि 'बोलायची' यांत आपण कधी गल्लत करतो का? व्याकरण न शिकलेलं लहान मूलही करत नाही. 'ला' लागला की हेतू आला, आणि हेतू आला की 'टू'.

'रिमेंबर'चंही तसंच. घरातून निघालात, जिन्यात मनात शंका आली: कुलूप लावलं ना? 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर', म्हणजे लावल्याचं आठवतंय, काळजी नको. 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर', म्हणजे लावायचं लक्षात राहिलं आणि लावलं. 'लावल्याचं' असेल तर आयएनजी, 'लावायचं' असेल तर टू. 'फर्गेट'लाही हेच लागू: 'आय फरगॉट टू कॉल हर', तिला फोन करायला विसरले, 'आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हर', तिला भेटल्याचं कधी विसरणार नाही. 'रिग्रेट' तर आपल्या सरकारी पत्रांतच सापडतं. 'कळविण्यास खेद वाटतो' हे 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू', आणि 'त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप होतो' हे 'आय रिग्रेट टेलिंग हिम'.

मला सगळ्यात आवडतं ते 'ट्राय'. खिडकी घट्ट बसली आहे, जोर लावूनही हलत नाही: 'आय ट्राइड टू ओपन द विंडो', उघडायचा प्रयत्न केला. खोलीत उकडतंय, खिडकी सहज उघडली, तरी काही फरक पडला नाही: 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो', उघडून पाहिली. 'करून पाहणे' हा आपला रोजचा प्रयोग या जेरंडशी चपखल जुळतो.

आता चकवा. 'मला पोहायला आवडतं' यातला 'ला' ऐकून लोक 'आय एन्जॉय टू स्विम' लिहितात. ते चूक, 'एन्जॉय'ला 'स्विमिंग'च लागतं. 'जायचं टाळलं' म्हणून 'अव्हॉइडेड टू गो' होत नाही, 'अव्हॉइडेड गोइंग' होतं. 'तिने जायला सुचवलं' याचं 'सजेस्टेड टू गो' करू नका; 'सजेस्टेड गोइंग' म्हणा. फिनिश, माइंड, कीप, अ‍ॅडमिट, डिनाय, कन्सिडर हीसुद्धा आयएनजीवाली. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज, अ‍ॅग्री, मॅनेज यांना टू. पुढचं काम असेल तर टू, मागचं असेल तर आयएनजी, असा एक नियम बरेच जण सांगतात. तो उपयोगी आहे, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' पुढचंच बोलतात, तरी आयएनजी घेतात. 'मॅनेज्ड टू' म्हणजे काम होऊन गेलेलं, तरी टू. ही क्रियापदं जोडीनेच पाठ करावी लागतात: नुसतं 'अव्हॉइड' नाही, 'अव्हॉइड डूइंग'.

इन, अ‍ॅट, ऑफ, विदाउट अशा शब्दयोगी अव्ययांनंतर विचारच करायचा नाही, सरळ आयएनजी: 'गुड अ‍ॅट ड्रॉइंग', 'विदाउट आस्किंग'. घोळ होतो तो 'लुक फॉरवर्ड टू' पाशी. भल्याभल्यांच्या पत्रात 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' दिसतं. हा 'टू' इन्फिनिटिव्हचा नव्हे, शब्दयोगी अव्यय आहे. ओळखायची युक्ती सोपी: त्यापुढे नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' चालतं, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'वॉन्ट टू द ट्रिप' चालत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली', म्हणजे लवकर उठायची सवय आहे, हाही याच घरातला. मात्र 'आय यूज्ड टू वेक अर्ली', म्हणजे पूर्वी उठायचे, हा वेगळा.

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांच्याबाबतीत फार डोकं चालवू नका; बहुतेक वेळा दोन्ही चालतात. फक्त 'स्टार्टिंग' आधीच आयएनजीत असेल तर पुढे पुन्हा आयएनजी कानाला खटकतं. पाऊस सुरू होत असेल तेव्हा 'इट इज स्टार्टिंग टू रेन' असंच लिहा.