पीएस५वर पार्टी चॅटसाठी हेडसेट: बास राहू दे, आधी माईक बघा

पीएस५ म्हणजे प्लेस्टेशन ५साठी हेडसेट घ्यायचाय म्हटलं की पहिला प्रश्न बास कसाय, दुसरा लाइट लागतात का, आणि माईक? तो काय, असतोच की सगळ्यांना. इथंच घोळ होतो. आपल्याला आवाज चांगला येतोय का ते आपल्याला लगेच कळतं, पण आपला आवाज पलीकडे कसा जातोय हे फक्त पार्टीतल्या, म्हणजे खेळताना एकत्र बोलणाऱ्या ग्रुपातल्या, बाकीच्यांना कळतं आणि ते बिचारे भिडेखातर काही बोलत नाहीत, गुपचूप म्यूट करून टाकतात. आमच्या ग्रुपात एक जण आहे, हेडसेट चांगला महागातला, पण याचा माईक चालू झाला की आधी पंख्याची घरघर, मग कुकरच्या शिट्ट्या, मग आईचं "अरे जेवायला ये, किती वेळा सांगायचं", आणि या सगळ्याच्या मागं कुठंतरी हा ओरडतोय की जिन्यात माणूस आहे. तोवर अख्खा स्क्वॉड आडवा.

मी वापरतो तो हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर. जुनं मॉडेल, वायरवाला, प्लास्टिक बॉडी, दिसायला काही खास नाही. पण वजन २७५ ग्रॅम, त्यामुळे डोकं जड होत नाही, आणि चष्मा असला तरी कानावर फार दाबत नाही. केबल १.३ मीटर, कंट्रोलरला लावायला बरोब्बर, मांडीत गुंडाळी होत नाही. आवाज कमी-जास्त करायचा स्लायडर उजव्या कपाच्या खालीच आहे, गेम मध्येच थांबवून मेनूत घुसावं लागत नाही.

खरी मजा माईकची. दांडीवाला माईक आहे, वर उचलला की म्यूट, खाली घेतला की चालू. विषय संपला. घरात कोणी हाक मारली की एका बोटानं वर. तो तोंडाजवळ येतो म्हणून लेव्हल कमी ठेवली तरी आवाज नीट जातो, आणि लेव्हल कमी म्हणजे पंखा, रिक्षाचे हॉर्न, शेजारचा टीव्ही हे पण आपोआप कमी. फक्त ओठांच्या कडेला ठेवा, थेट समोर धरला तर प-फ-भ म्हणताना पलीकडे फुस्स फुस्स ऐकू जातं. सोनीच्या पल्स थ्रीडीमध्ये माईक कपातच लपवलेत, दिसायला एकदम भारी, पण तोंडापासून लांब ते लांबच. नंतर २०२४ मध्ये आलेल्या पल्स एलिटला सोनीनंच बाहेर ओढायचा माईक दिला, यावरून काय ते समजा.

आता ब्लूटूथ. "माझ्याकडे मस्त ब्लूटूथ इअरबड्स आहेत, तेच लावतो" असं म्हणणारा दर आठवड्याला एक तरी भेटतो. भावा, पीएस५ला ब्लूटूथ ऑडिओ डायरेक्ट चालत नाही, एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसला पण नाही. निन्टेंडोच्या स्विचला २०२१च्या अपडेटनंतर ब्लूटूथवर ऐकू येतं पण ब्लूटूथचा माईक तिथंही चालत नाही. आणि ब्लूटूथचा मूळ प्रॉब्लेम वेगळाच आहे, माईक चालू केला की तो कॉलवाल्या मोडमध्ये जातो आणि गेमचा आवाज एकदम जुन्या लँडलाइनवर आल्यासारखा होतो, पावलं कुठून येतायत ते कळणं तर विसराच.

वायरलेसच पाहिजे असेल तर यूएसबी डोंगलवाला (कन्सोलला खोचायचा छोटा रिसीव्हर सोबत येतो तो) २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. पण तिथंही बॉक्स नीट वाचा, कारण प्लेस्टेशनचा डोंगल एक्सबॉक्सला चालत नाही, तिकडे एक्सबॉक्सचं लायसन्स असलेलाच लागतो. स्टीलसीरिजच्या आर्क्टिस नोव्हा ७मध्ये पी आणि एक्स अशी वेगळी मॉडेल आहेत, पी एक्सबॉक्सवर चालत नाही, एक्स दोन्हीकडे चालतो, म्हणजे घरात दोन्ही कन्सोल असतील तर एका अक्षरावर सगळा खेळ. दुकानदार "सगळ्याला चालतो सर" म्हणाला की लगेच हो म्हणू नका, एका दुकानात मला असंच पीसीचा दोन पिनांवाला हेडसेट गळ्यात मारत होते. गुलाबी आणि हिरवी अशा दोन पिना असतील तर कंट्रोलरला जोडायला वेगळा कनेक्टर लागतो. आपल्याला एकच पिन हवी, तिच्यावर तीन काळ्या रिंगा असलेली. दोनच रिंगा असतील तर त्यात माईकची लाइनच नाही, मग पीएस५ कंट्रोलरचाच माईक पकडतो आणि पार्टीला तुमच्या बोलण्यापेक्षा बटणांची खटखट जास्त.

घेतल्यावर सेटिंगमध्ये जाऊन माईक लेव्हल एकदा तपासा, पार्टीतल्या एखाद्या तोंडाळ मित्राला विचारा, तो खरं सांगेल. गेम आणि चॅटच्या आवाजाचा बॅलन्स कंट्रोल सेंटरमध्ये (पीएस बटण दाबलं की खाली येतो तो मेनू) मिळतो, चॅट थोडं वर ठेवा. थ्रीडी ऑडिओसाठी, म्हणजे आवाज कुठल्या दिशेनं येतोय ते कळायला, वेगळा महागडा हेडसेट लागतो असं काही नाही, पीएस५ ते काम स्वतः करतो, साध्या वायरवाल्या हेडफोनवर पण चालतं.

एक गोष्ट मात्र स्टिंगरबद्दलच नाही, रेक्झिनच्या गाद्या असलेल्या सगळ्याच हेडसेटना लागू, मे महिन्यात कान घामानं चिकट होतात. खेळून झालं की पुसून ठेवा नाहीतर वर्षा-दोन वर्षात खपल्या निघतात. कापडी गाद्यांचं मॉडेल मिळालं तर बघा, पण त्यात बाहेरचा आवाज थोडा जास्त शिरतो.

आणि आत्ताच पैसे घालायचे नसतील तर जुन्या मोबाईलबरोबर आलेला माईकवाला वायरचा इअरफोन ड्रॉवरमध्ये कुठंतरी पडलेला असेलच, तो कंट्रोलरला लावून बघा. तीन रिंगांचा असला तर बहुतेक वेळा तसाच चालतो, आणि कंट्रोलरच्या माईकपेक्षा तो शंभर पटीनं बरा.