शेळ्यांची प्लास्टिकची जमीन: दोन पावसाळे वापरल्यावर

गोठ्यात प्लास्टिकची फटींची जमीन टाकून आता दोन पावसाळे झाले. टाकावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, टाका. पण विकणारा जे सांगत नाही ते आधी वाचा.

आम्ही कुडाळकडचे. चौदा शेळ्या आणि एक बोकड, सगळी कन्याळ. ही जात सिंधुदुर्गातलीच, पावसाला काटक. तरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे काटकपणालाही हद्द असते. आमचा जुना माचा चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कांबींचा होता. जुलै आला की कांबी बुळबुळीत, फटींत लेंड्या बसलेल्या आणि त्यावर मूत. अशाच एका जुलैत पाच शेळ्या लंगडायला लागल्या. एक तर पुढचे गुडघे टेकून पाला खात होती. लाळ-खुरकत म्हणून माझ्या पोटात गोळा आला. तोंडं उघडून बघितली, फोड नव्हते, अंगात तापही नव्हता. मग पाय उलटा धरला. दोन नख्यांच्या बेचक्यात लालभडक, आणि तीन दिवस पडलेल्या कुर्ल्यांसारखा वास. खूरकूज. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि जाताना म्हणाले, "वहिनी, पाय कोरडे राहिले नाहीत तर मी पुन्हा येतोच आहे."

म्हणून ही जमीन घेतली. दहा बाय पंधरा फूट, १८० रुपये चौरस फूट, म्हणजे सत्तावीस हजार. खालचा लोखंडी सांगाडा वेगळा. सासूबाई म्हणाल्या, "आता शेरडांक चपला पण घालतलंस काय गो?"

पैसे वसूल झाले का? कोरडेपणाच्या बाबतीत, हो. लेंड्या आपोआप खाली पडतात, मूत थांबत नाही. पाइपने पाणी मारलं की दुपारपर्यंत जमीन वाळलेली, तीही श्रावणात. पहिल्या पावसाळ्यात एकच शेळी लंगडली, तीसुद्धा काट्याने.

आता तक्रारी. विक्रेत्याने सांगितलं, खालच्या सांगाड्याचे पाइप दोन-दोन फुटांवर चालतील. नाही चालले. बोकड उभा राहिला की तुकडा मधोमध वाकायचा, आणि वाकणाऱ्या जमिनीवर शेळी जीव मुठीत धरून उभी राहते. मध्ये एकेक पाइप घालून अंतर फुटावर आणलं तेव्हा कुठे ती बसायला लागली. हा खर्च माझ्याच माथी. दुसरं, फटी मोठ्या शेळ्यांसाठी ठीक आहेत, पण चार दिवसांच्या करडाचा पाय त्यांत अडकतो. आमच्या एका करडाचा अडकला, सुदैवाने मोडला नाही. तेव्हापासून करडांच्या कोपऱ्यात फळी आणि वर सुकं गवत.

तिसरी गोष्ट दुसऱ्या वर्षी कळली, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. प्लास्टिक गुळगुळीत. त्यावर खूर झिजतच नाहीत. पावसात चरायला सोडणंही कमी. दोन महिन्यांत खुराची कड वाढून तळव्यावर दुमडली, चपातीची कड दुमडावी तशी, आणि त्या घडीत चिखल दाबून बसला. म्हणजे जमीन कोरडी आणि ओल खुराच्या पोटात! आता दर सहा-सात आठवड्यांनी खूर कापते. खास कात्री मागवली नाही. काजूच्या फांद्या छाटायची एक कात्री शेळ्यांसाठीच बाजूला काढली आहे, पुरते. आधी टोकाने घाण उकरायची, मग दुमडलेली कड टाचेकडून पुढे थोडी थोडी कापत जायचं. आत पांढरं लागतं. गुलाबी झाक दिसली की हात थांबवायचा, पुढे रक्त आहे. पावसाळ्यात खूर मऊ असतो, काकडीसारखा कापला जातो. मे महिन्यात हेच काम हाताला फोड आणतं. एकीचं झालं की दुसरीला हात लावण्याआधी कात्री धुवायची, नाहीतर आपणच रोग वाटत फिरतो.

झिजण्यासाठी गोठ्यात छपराखाली जांभ्याचे चार चिरे एकावर एक रचले. बाहेर ठेवले तर शेवाळ धरतं. शेळ्या त्यावर चढण्यासाठी भांडतात. या चिऱ्यांना प्लास्टिकपेक्षा जास्त तारे देईन.

पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा खूर धुऊन पायही बुडवते. कृषी केंद्रातलं झिंक सल्फेट, एक किलो दहा लिटर पाण्यात. पूर्वी मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरायचे, पण ते शेळीने प्यायलं तर विष, आणि लोखंडी घमेलं खाऊन टाकतं. प्लास्टिकच्या टबात तळाला गोणपाट अंथरलं की पाणी उडत नाही आणि शेळ्या बिचकत नाहीत. पाच मिनिटं उभ्या करायच्या, मग तासभर कोरड्यात. ती कोरडी जागा म्हणजे हीच जमीन, इथे तिला तोड नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. फटी थोड्या अरुंद मिळाल्या असत्या तर चार दिले असते. सासूबाईंनी आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यासाठी उरलेले दोन तुकडे मागून नेले आहेत.