घर खरं होतं, मालकीण खोटी

दोरीवर कपडे वाळत होते. ते आधी बाबांनी पाहिले. मी गाडीतून उतरून किल्लीची पेटी शोधत होते. मेलमध्ये लिहिलं होतं: दाराच्या उजव्या हाताला, निळ्या खिडकीखाली. तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "बाळा, इथं कुणीतरी राहतंय गं."

खिडकी निळी नव्हती, राखाडी होती. पेटीच्या जागी भिंतीला स्क्रूची चार भोकं तेवढी होती.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. 2025च्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेले. पॅरिस, ॲमस्टरडॅम पाहून झाल्यावर ते कंटाळणार हे मला माहीत होतं, म्हणून एप्रिलमध्येच फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात आठवडाभरासाठी घर ठरवलं होतं. पिवळसर दगडाची घरं, अक्रोडाच्या बागा, बदकं, आणि बाकी काही नाही. जुनं शेतघर किंवा कोठार नीटनेटकं करून आठवड्याच्या भाड्याने देतात, त्याला तिकडे झीत म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतात. म्हणजे फसलेला माणूस तिथे पोचतो तो शनिवारी संध्याकाळी, जेव्हा आसपासच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. हे मला नंतर सुचलं.

जाहिरात सुट्टीच्या घरांच्या एका चांगल्या माहितीतल्या संकेतस्थळावर होती. मी चौकशी केली, तर मालकीण म्हणवणाऱ्या बाईंचं उत्तर मेलवर आलं. इथलं कॅलेंडर बिघडलंय, थेट बोलू, कमिशनही वाचेल. भाडं 1,260 युरो, पण त्याच आठवड्यासाठी एक बेल्जियन कुटुंब मागे लागलंय, तुम्ही आज सगळे पैसे भरलेत तर 15 टक्के सूट. मी 1,071 युरो भरले. लाखभर रुपये झाले. 189 युरो वाचवल्याचं नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, तेही लिहूनच टाकते.

मी डोळे मिटून पैसे भरले असं कुणी समजू नये. उपग्रहाच्या नकाशावर घर शोधलं. छप्पर, विहीर, वळणावरचं अक्रोडाचं झाड, सगळं फोटोशी जुळत होतं. करार आला, बाईंच्या ओळखपत्राची प्रतही आली. दोन दिवस खातरजमा केली, पण ती सगळी घराची. त्या घरावर या बाईचा हक्क काय, हे एकदाही तपासलं नाही. फसवणाऱ्याने घराबद्दल एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. खात्याचा आयबॅन, म्हणजे युरोपातला खाते क्रमांक, ईएसने सुरू होत होता, म्हणजे खातं स्पेनमधलं. फ्रेंच खात्याचा क्रमांक एफआरने सुरू होतो. विचारलं तर म्हणे, हिशेब मुलगी बघते, ती बार्सिलोनाला असते. मला ते पटलं. माझ्या आईचे बँकेचे व्यवहार मीच बघते ना!

दार उघडलं ते सत्तरीच्या एका गृहस्थांनी, हातात जेवणाचा रुमाल. माझ्या हातातला कागद पाहून ते दचकलेसुद्धा नाहीत. आत वळून बायकोला हाक मारली. ती बाहेर आली, कागद पाहिला आणि म्हणाली, "परत?" त्या उन्हाळ्यातलं आमचं तिसरं कुटुंब. त्यांनी हे घर दोन वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. आधीचे मालक ते भाड्याने देत, त्यांची जुनी छायाचित्रं आणि किल्लीच्या सूचना कुणीतरी जशाच्या तशा उचलल्या होत्या. बाईंनी आम्हाला अंगणात बसवून पाणी दिलं, चार ठिकाणी फोन केले. आईने निघताना त्यांच्या हातात बेसनाचे लाडू ठेवले. रात्री अकराला ब्रीव्ह शहराजवळ हमरस्त्यालगतच्या हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या. खिडकीखालून ट्रक जात होते. "शांत आहे हो," बाबा म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा आम्ही हसलो.

सोमवारी जांदार्मेरीत गेलो. खेड्यापाड्यांत पोलिसांचं काम हेच जांदार्म पाहतात. तरुण पोलिसाने तक्रार टाइप करता करता विचारलं, "तुम्ही पासपोर्टची प्रत पाठवली होतीत?" पाठवली होती, आमच्या दोघांचीही. तो म्हणाला, मग पुढच्या गिऱ्हाइकाला मालकाचं ओळखपत्र म्हणून तीच जाईल. मला पाठवलेलं ओळखपत्रही असंच कुणाचं तरी असणार. पैशापेक्षा या गोष्टीने माझी झोप जास्त उडवली.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेलेले नाहीत. तिथे विषय संपला. ऑक्टोबर 2025पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतं का, हे बँकेने ग्राहकाला दाखवणं बंधनकारक आहे. नाव जुळत नाही असं आलं तर तिथेच थांबा, समोरच्याने मुलगी सांगो की भाचा. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांना या सोयीचा आधार नाही. त्यांनी संकेतस्थळाच्या बाहेर पैसे देऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

मंगळवारी लास्कोच्या गुहेतली आदिमानवाची चित्रं पाहायला गेलो. मूळ गुहा 1963पासून लोकांना बंद आहे. आपण पाहतो ती शेजारी उभारलेली हुबेहूब प्रतिकृती. बाबा तिकिटं हातात घेऊन म्हणाले, "हे बरे, नक्कल आहे म्हणून आधीच सांगतात."

यंदा परत जायचं बाबांनीच काढलं. या वेळी मी वेगळं केलं. फ्रान्समध्ये कितीही लहान गाव असलं तरी त्याची मेरी असते, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं कार्यालय. पर्यटकांसाठी भाड्याने द्यायच्या घरांची नोंद आजवर तिथे होत आली आहे. लहान गावात मेरी आठवड्यातून काही तासच उघडी असते, त्यामुळे दोनदा फोन नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा एका बाईंनी उचलला. मी मोडक्या फ्रेंचमध्ये घराचा पत्ता आणि मालकिणीचं नाव सांगितलं. हो, त्यांचंच आहे, म्हणाल्या, धुणं धुवायच्या जुन्या हौदाला लागून. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, शेजारचा कोंबडा पहाटे चारला आरवतो, चालेल ना?

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लगेच पैसे भर."