शेवभाजी झकास, फुकटचा रस्सा सांभाळून

धुळे बसस्थानकातून बाहेर पडलं की चालत पाचेक मिनिटांवर ही शेवभाजीची गाडी लागते. पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. दुपारी बारानंतर जिथे खाकी कपड्यांचा घोळका दिसेल, तीच. सगळे चालवणाऱ्याला आप्पा म्हणतात, मीही म्हणते.

मी एसटीत वाहक आहे, तेरावं वर्ष चालू आहे. जळगावहून साडेनऊला निघून एरंडोल, पारोळा करत आम्ही बाराच्या सुमारास धुळ्यात टेकतो. परतीच्या फेरीआधी चाळीस मिनिटं मिळतात. त्यात हातपाय धुणं, खाणं आणि बाईमाणसाला धड स्वच्छतागृह शोधणं, सगळं बसवायचं. घरचा डबा नेते, पण मे महिन्यात बसमध्ये त्याला दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो. म्हणून आठवड्यातून तीन दिवस तरी आप्पाकडे.

मागच्या वर्षी तपासणीत बीपी १४८/९४ निघालं. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं बंद करा. मी म्हटलं, साहेब, माझी नोकरीच बाहेरची आहे. गोळी चालू झाली, आणि आप्पाची गाडीही चालूच राहिली. फक्त काय मागायचं ते बदललं.

आधी चवीचं सांगते. रस्सा काळ्या मसाल्याचा. खोबरं आणि कांदा चांगला काळपट होईस्तोवर भाजलेला, लसणाला कंजुषी नाही. शेव जाड, तिखट, आणि ताट हातात देताना वरून टाकलेली. त्यामुळे पहिले चार घास कुरकुरीत, नंतरचे मऊ. आधीच रश्श्यात बुडवून लगदा करून ठेवणाऱ्यांनी इथे येऊन बघावं. प्लेट ८० रुपये, सोबत तीन पाव, कांदा, लिंबू. रस्सा मागाल तितका फुकट.

गोची तिथेच आहे. तपासणीनंतर सहा महिने मी फक्त तर्री काढून टाकायचे आणि स्वतःवर खूश असायचे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आप्पा उखडलेच होते. "तर्री नही ते मंग शेवभाजी कसानी?" तरी त्यांनी पळीने तर्री बाजूला सारून खालचा रस्सा दिला, आणि मी तो तीनदा मागून घेतला. पुढच्या तपासणीत बीपी जागचं हललं नव्हतं. मग डॉक्टरांनी नीट विचारलं तेव्हा उजेड पडला. तर्री म्हणजे तेल. ती कमी झाली ते वजनासाठी बरंच झालं, पण बीपीचं भांडण मिठाशी. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणजे तर्री काढून खालचा रस्सा वाटी-वाटी पिणारी मी नेमकं मीठच ओढत होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, जेमतेम एक चहाचा चमचा. रस्सा खारट, शेव खारट, पावात मीठ, वर तळलेली मिरची मिठात घोळलेली. दुपारच्या एका बैठकीत किती होत असेल, हिशोब तुम्हीच करा. मी आयुष्यभर वेबिलाचे, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या नोंदीचे, हिशोब केले, पण हा नाही केला.

आता माझी ऑर्डर ठरलेली आहे. रस्सा एकदाच, शेव अर्धी आणि वेगळ्या वाटीत, कांदा दुप्पट, लिंबू दोन फोडी. लिंबू पिळलं की मीठ कमी असल्याचं जिभेला फार कळत नाही. पावाऐवजी ज्वारीची भाकरी, २० रुपये जास्तीचे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरीही असते आणि मला ती जास्त आवडते, पण आमच्याकडे कळणा दळायला देतानाच त्यात मीठ टाकतात. त्यामुळे ती हिवाळ्यात, भरताबरोबर, कधीतरी. भरताचंही एक सांगते. भाजलेलं वांगं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण फोडणीचं तेल बघा आणि सोबत पुऱ्या किती मोडल्या ते मोजा.

ताक अळणी मागते, १५ रुपये. पहिल्या दिवशी आप्पांनी विचारलं, "बिमार शेस का वं माय?" आता न सांगता बाजूला काढून ठेवतात. शेजारच्या टपरीवर २० रुपयांत थंडगार कोला मिळतो. उन्हातून आल्यावर हात तिकडेच जातो, मान्य. पण २५० मिलीच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. आमचे चालक दादा चहात साखर नको म्हणतात आणि वर ती बाटली रिचवतात. त्यांना सांगून झालंय.

आता तक्रारी. गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भजी सुंदर, पण दुपारीच खावी. सकाळी कढईत तेल ताजं असतं, तळ दिसतो. संध्याकाळी तेच तेल काळं, दाट, फेस धरलेलं. एकदा उशिराच्या फेरीला चार भजी खाल्ली आणि पारोळ्यापर्यंत घशाशी आंबट येत होतं. वापरलेलं तेल कुठवर चालतं याचा नियम एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ पासून लावला आहे. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल बाद. गाडीवर कोण मोजणार? म्हणून मी कढईत डोकावते. धूर आणि फेस दिसला की पोहे घेते, तेही वरून शेव न घेता.

दुसरी तक्रार कागदाची. भजी वर्तमानपत्रावर देतात, शाई तेलाला लागते. मी स्टीलची छोटी ताटली पर्समध्ये ठेवते, लोक हसतात. आप्पांना पानाचे द्रोण आणा म्हणून चारदा सांगितलं, चारही वेळा "आनू आनू" म्हणाले.

बसायला दोन बाकं आहेत, सावली एकावरच. पाणी माठातलं, थंड. बायका ड्युटीवर पाणी कमी पितात, कारण सगळ्याजणींना माहीत आहे. त्याचा दोष आप्पांना देता येणार नाही.

पाचपैकी मी साडेतीन देईन. अर्धा कढईचा गेला, एक कागदाचा. अळणी ताक आठवणीने वेगळं ठेवणारा माणूस मला दुसऱ्या कुठल्या गाडीवर भेटलेला नाही, नाहीतर आणखी कापले असते.

सोमवारी बंद असते. आणि सुटे पैसे घेऊन जा. पाचशेची नोट काढली की आप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, कंडक्टर बाईंकडून मोडून आणा.