स्टीलच्या घड्याळावर सोन्याचा मुलामा: अकरा महिन्यांनंतर

वडिलांचं स्टीलचं घड्याळ मी गेल्या दिवाळीत मुलामा देऊन घेतलं. आईची फार इच्छा होती. तेव्हापासून ते रोज माझ्या हातात आहे.

पहिला प्रयत्न फसला. सांगलीतच एका दुकानात दिलं, संध्याकाळी पिवळंधमक होऊन परत आलं. आठव्या दिवशी केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) कानाजवळ, पट्टा घासतो तिथे, वर्ख सुटावा तसा मुलामा सुटला. मग विट्याच्या मामांना फोन केला. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. मामांचंही आयुष्य सोनं गाळण्यात गेलं. ते म्हणाले, "अरे, स्टीलवर सोनं सरळ धरतच नाही. आधी निकेल चढवलं होतं का, ते विचार."

चढवलं नव्हतं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो. स्टील गंजत नाही ते त्यामुळेच, आणि सोनं पकडत नाही तेही त्यामुळेच. घासून काढला तरी तो लगेच पुन्हा येतो. म्हणून निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात वीज सोडून निकेलचा पातळ थर देतात. तिथे पापुद्रा विरघळतो आणि उघड्या स्टीलवर निकेल बसतं. सोनं त्याच्यावर.

दुसऱ्या कारागिराने हे सगळं केलं, चार दिवस घेतले. घड्याळजीकडून मशीन, काच, रबरी रिंग आधी काढून घेतली होती. मागचं झाकण मी मुद्दाम तसंच ठेवायला सांगितलं, कारण निकेलने माझ्या कातडीला खाज सुटते.

भाव ठरवताना मामांनी सांगितलेला हिशोब फार कामाला आला. सोन्याची घनता घन सेंटिमीटरला 19.3 ग्रॅम, म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर द्यायला जवळजवळ दोन मिलिग्रॅम सोनं लागतं. केस आणि पट्टा मिळून 80 चौरस सेंटिमीटर धरले तर एका मायक्रॉनला साधारण 155 मिलिग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणून पाहा. सांगितलेली मजुरी त्याहूनही कमी असेल, तर थर एक मायक्रॉनचा नक्कीच नाही. माझ्या पहिल्या दुकानाचं तसंच होतं.

होळीपर्यंत काहीच फरक पडला नाही. एप्रिल-मे मध्ये घाम, रोजची मोटारसायकल, टेबलावर टेकलेलं मनगट. बकलच्या कडा पांढुरक्या झाल्या. पावसाळा संपेपर्यंत पट्ट्याच्या कड्या एकमेकींवर घासतात त्या जागी सोनं गेलंच. सोनं काळं पडत नाही, ते झिजतं. खाली स्टील असल्यामुळे पितळेसारखी हिरवट घाण मात्र येत नाही, एवढं बरं. केस आणि काचेभोवतीचं कडं आजही छान आहे, फक्त चावीच्या बाजूला थोडं फिकं झालंय. नवं सोनेरी स्टीलचं घड्याळ घेणार असाल तर टायटॅनियम नायट्राइडच्या थराचं पाहा. तो फार कठीण असतो, पण त्याला निर्वात भट्टी लागते. गल्लीतल्या दुकानाचं ते काम नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नाही, आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. मुलाम्याने ओरखडे झाकले जात नाहीत, ते उलट जास्त दिसतात. म्हणून आधी बफिंग करतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. वडील मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीच्या पोत्यांच्या हुकाचे दोन खोल ओरखडे डाव्या कानावर होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. ते ओरखडे बफिंगमध्ये गेले. घड्याळ परत आल्यावर आईनेही पहिल्यांदा तिथेच हात लावला होता.

गेल्या महिन्यात चामड्याचा पट्टा लावला आणि स्टीलचा डब्यात ठेवला. केस पुढे फिकी पडली तर मुलामा पुन्हा देईन, पण मागच्या झाकणावर जे ओरखडे उरलेत त्यांना बफ लागू देणार नाही.