प्लस-मायनसच्या नादात चौतीसशे रुपयांना चुना

घरच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर घ्यायच्या म्हणून कोणी सोलापूरच्या नवी पेठेत निघालं असेल तर जरा थांबा, आधी हे वाचा. कोऱ्या डीव्हीडीच्या प्लस आणि मायनस अशा दोन जाती असतात, मी आठ महिने प्लस चांगली की मायनस चांगली ह्याच्यातच अडकलो होतो आणि दुकानदाराला तेच पाहिजे होतं.

२००७ चा मे महिना. बहिणीच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेटी, १९९३ च्या, तीन-तीन तासांच्या, पहिलीच्या टेपवर पांढरी बुरशी दिसायला लागलेली. टीव्ही ट्यूनर कार्ड लावून कॉम्प्युटरमधे घेतलं, डिस्क लिहिणारा रायटर तर मशीनबरोबरच आलेला होता, राहिल्या फक्त डिस्क. ५० चा डबा घेतला ७५० ला, वर नावाजलेल्या कंपनीचं नाव, १६ एक्स (म्हणजे लिहायचा स्पीड) छापलेलं. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स लागंल मालक, कशाला." मी पण म्हटलं कशाला. इथंच पहिलं चुकलं.

लोडशेडिंगचं टाइमटेबल भिंतीला लावून बर्न करायला, म्हणजे डिस्कवर लिहायला, बसायचो, कारण मधेच लाइट गेली की ती डिस्क गेलीच. (४.७ जीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतोय म्हणून मी तेव्हा पण चिडलो होतो, पण ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, एवढंच.) डिस्क तयार झाली, हॉलमधल्या प्लेअरमधे घातली, तर "नो डिस्क". दुकानात गेलो. तो बघून हसला, "ही प्लस आहे ना मालक, तुमचा प्लेअर जुना, त्याला मायनस लागते." वर २०० देऊन मायनसचा डबा बदलून आणला.

आता खरी गंमत अशी की तो इथं खोटं बोलला नव्हता. डीव्हीडी मायनस आर आधीची, पायोनियरने १९९७ ला आणलेली, प्लस आर आली २००२ मधे, सोनी, फिलिप्स, एचपी ह्यांच्या वेगळ्या गटाची, त्यामुळे बरेच जुने प्लेअर मायनस ओळखतात आणि प्लसला तोंड फिरवतात. अर्धं खरं निघालं म्हणून माणसावर विश्वास बसला, पुढचं सगळं मी मान डोलावून ऐकत गेलो.

मायनस लागली. पण चाळीसेक मिनिटं झाली की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज अडकायचा आणि नवरदेव बोहल्यावर तसाच थिजायचा. परत दुकान. ह्या वेळी म्हणे, "तुमचा रायटर प्लसवाला आहे, मायनसला त्याचा लेझर पुरत नाही." साफ थाप! दोन्ही जातीच्या डिस्क लिहिणारा ड्राइव्ह सोनीने २००२ लाच काढला होता, २००७ मधे घरात असलेला जवळजवळ कुठलाही रायटर दोन्ही लिहितो, माझ्या ड्राइव्हच्या तोंडावर तर दोन्ही छापलेलं होतं. पण वाचलं कोणी? नवीन रायटर घेतला २१५० ला. जुना "ठेवा बाजूला, कामाला येईल" म्हणाला, तेवढी एक गोष्ट खरी निघाली.

नव्यावर पण तेच. मग म्हणे स्पीड कमी करा, ८ एक्सला मारा. मग म्हणे रीरायटेबल, म्हणजे पुसून परत लिहिता येते ती, घेऊन बघा, त्या पाच घेतल्या ६० ला एक. बायको म्हणायची अहो दुसऱ्या दुकानात तरी विचारा, पण मी आता एक्स्पर्ट झालेलो, चहाच्या टपरीवर लोकांना प्लस-मायनस समजावून सांगायचो. ८ एक्सला मारलेल्या पहिल्या कॅसेटीच्या तीन डिस्क शेवटपर्यंत चालल्या, मी खुश, हार्ड डिस्क ४० जीबीची म्हणून फाइल उडवली आणि बुरशीवाली कॅसेट रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिली.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला भाचा पुण्याहून आला. लग्न बघूया म्हणून डिस्क लावल्या तर तिन्ही शेवटाकडे मेलेल्या. रीरायटेबलवर तर मी कधीच दुसरंच काहीतरी लिहिलेलं. त्याने डबा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाला, "मामा, प्लस-मायनस सोडा, तुम्हाला डिस्कच बोगस दिलीय."

कोऱ्या डिस्कमधे सुद्धा बनवणाऱ्याचा कोड आणि स्पीड आधीच लिहिलेला असतो, फुकटातल्या सॉफ्टवेअरने दिसतो. माझ्या डब्यावर १६ एक्स आणि आत कोड ८ एक्सचा. आता नुसतं कोडमधलं नाव वेगळं असलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, कारण मोठे ब्रँड पण दुसऱ्या कारखान्यातून डिस्क बनवून घेतात, तो धंद्याचा भाग आहे. पण स्पीडच जुळत नाही, डब्याचं प्लास्टिक ढिलं, वर-खाली जी पारदर्शक बिनकामाची चकती असते ती गायब, म्हणजे कोणीतरी हलका माल भरून वरून नाव चिकटवलेलं. मग त्याने डिस्क स्कॅन केली. साडेतीन जीबीपर्यंत वाचायच्या स्पीडचा आलेख सरळ, पुढे धाडकन खाली. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, हलक्या मालात रंगाचा थर कडेला नीट बसलेला नसतो, म्हणून अर्धी भरलेली डिस्क मस्त चालते आणि पूर्ण भरली की शेवट जातो. म्हणून डबा घ्यायच्या आधी एकच डिस्क मागा, ती काठोकाठ भरा, स्कॅन करा, पहिली पाच मिनिटं बघून "चालतेय की" म्हणू नका.

त्याने बॅगेतल्या दोन चांगल्या डिस्क काढल्या, एक प्लस एक मायनस, माझ्या जुन्या, बाजूला ठेवलेल्या रायटरवर दुसऱ्या कॅसेटीचा एकेक तुकडा काठोकाठ मारला. दोन्ही चालल्या. प्लसवालीला बर्न करताना बुकटाइप म्हणून एक सेटिंग असतं, डिस्क कुठल्या जातीची ते प्लेअरला सांगणारं, ते डीव्हीडी-रॉम, म्हणजे विकतच्या सिनेमाच्या डिस्कसारखं, केलं, तर आमच्या म्हाताऱ्या प्लेअरने ती पण गपगुमान घेतली. म्हणजे पहिले २०० सुद्धा पाण्यात.

दोघं दुकानात गेलो. "कंपनीचा माल आहे सर, आम्ही काय घरी बनवतो का?" मालकाचा सर झालो होतो एकदम. ग्राहक मंचात जातो म्हटलं तर म्हणाला जा की, बिल दाखवा. माझ्याकडे होती वहीच्या कागदाची चिठ्ठी, त्यावर "डीव्हीडी ५० नग ७५०", ना दुकानाचं नाव, ना कंपनीचं, प्लस की मायनस ते पण नाही.

दुसरी कॅसेट सगळी निघाली, वरात आणि रिसेप्शन त्याच्यात आहे. पहिलीतलं हळद आहे, सीमंतपूजन आहे, मंगलाष्टकं सुरू होतात पण शेवटचं "सावधान" नाही, आणि पाठवणी तिसऱ्या डिस्कच्या अगदी काठावर होती.